गाडी उघडण्याआधी क्लबात जा

शेंगतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा असतो ना, तसला एक आमच्या परसात अजून आहे. त्यात एके काळी १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे आपल्या फियाटचेच, नट-बोल्ट भरलेले होते. दारांचे, बंपरचे, सीटचे, रेडिएटरचे, सगळे एकत्र. हा पराक्रम माझा. आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं होतं. मी सहकारी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. शेडमध्ये अकरा वर्षं उभी असलेली त्यांची गाडी आपण चालू करायची असं मनानं घेतलं. मुलानं पान्यांचा सेट आणून दिला आणि मी दिसेल तो बोल्ट खोलत सुटले. दोन महिन्यांनी सांगाडा एकीकडं, दारं भिंतीला टेकलेली, डबा काठोकाठ, आणि पुढं काय करायचं याचा पत्ता नाही.

मग इंजिन एका गॅरेजवाल्याला दिलं. त्यानं आठ महिने ठेवलं, चाळीस हजार घेतले आणि नेलं होतं तसंच जाम झालेलं परत आणून टाकलं. वर कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, झाकण गायब.

जुन्या गाड्यांच्या क्लबात मी गेले ती यानंतर. आधी गेले असते तर डबा भरला नसता आणि चाळीस हजारही वाचले असते. तुमच्या घरी आजोबांची फियाट किंवा मामांची अम्बॅसॅडर झाकून उभी असेल आणि हात शिवशिवत असतील, तर पाना खाली ठेवा आणि हे वाचा.

क्लब शोधायचा कुठं

मोठे क्लब आहेत. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, देशभरासाठी फेडरेशन ऑफ हिस्टॉरिक व्हेइकल्स ऑफ इंडिया आहे. त्यांच्या रॅली बघाव्यात, सभासदही व्हावं. पण रविवारी दुपारी तुमच्या मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर निघेना झाला, तर मुंबईहून कुणी येत नाही. त्याला दुचाकीवर टांग मारून दहा मिनिटांत येणारा माणूस लागतो. तो गावातच शोधायचा.

गावातल्या क्लबाला बहुतेक वेळा पाटी नसते, कचेरी नसते. असतात ते आठ-दहा जण, एक मोबाइलवरचा ग्रुप आणि एक ठरलेला चहाचा कट्टा. मला आमचा क्लब दसऱ्याला सापडला. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती दसरा चौकात मेबॅक गाडीतून येतात. अख्खी गर्दी महाराजांकडं बघत होती. माझ्या शेजारचे साठीतले एक गृहस्थ मात्र वाकून गाडीची चाकं बघत होते आणि बरोबरच्या पोराला सांगत होते, "आवाज ऐक की लेका, आवाज." म्हटलं, हा आपला माणूस. सोनं देता देता विचारलं, "काका, तुमच्याकडं जुनी गाडी आहे का?"

"एक व्हय? चार हायत. तीन चालत न्हाईत."

तेच आमचे आबा. पुढं त्यांचं नाव बऱ्याचदा येईल.

दसरा वर्षातून एकदाच येतो, म्हणून बाकीचे रस्तेही सांगते. जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात जा आणि काउंटरवरच्या पोराला सोडून मागं गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकाला विचारा, "फियाटचं सामान अजून कोण कोण नेतंय?" तो चार नावं सांगतोच. कार्बोरेटरचं काम करणारा जुना मिस्त्री, गाडीच्या सीट शिवणारा, रेडिएटर झाळणारा, या तिघांना गावातली प्रत्येक जुनी गाडी नंबरासकट माहीत असते. खंडेनवमीला गल्लीगल्लीत गाड्या धुऊन, झेंडू घालून उभ्या असतात, तेव्हा एक चक्कर मारली तरी दोन-तीन जुनी बोनेटं दिसतात. मालक जवळच उभा असतो आणि त्या दिवशी तो खुशीत असतो.

क्लब कामाचा आहे की नुसता मिरवायचा, हे ओळखायची माझी एक खूण आहे. त्यांच्या जमण्याच्या ठिकाणी बोनेट उघडी दिसतात का? सगळ्या गाड्या पॉलिश करून हॉटेलच्या लॉनवर रांगेत, बोनेट बंद आणि माणसं फोटोत असतील, तर ती मंडळी चांगलीच असतात, पण तुमचं काम तिथं होणार नाही. एखाद्याचे हात काळे दिसले की तिथं थांबा.

पहिल्या रविवारी काय न्यायचं

गाडी न्यायची नाही. चालत नसलेली गाडी टोचन करून नेऊ नका, ब्रेक नसतात. न्यायचे ते फोटो, पण फेसबुकवर टाकतो तसले नव्हेत. पुढून-मागून एकेक पुरे. बाकी सगळे खालून: चारी दारांच्या खालच्या कडा, पायाखालचं मॅटिंग उचलून त्याखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची जागा, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग. शिवाय आरसी बुकाची झेरॉक्स आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर यांचे फोटो, ते बुकाशी जुळतात का हे घरीच बघून.

मी काय नेलं होतं? आप्पा, आई आणि मी पन्हाळ्याला गाडीशेजारी उभे, असा १९८३ चा फोटो. सगळ्यांनी बघितला, छान म्हणाले, आणि आबांनी विचारलं, "कागद कुठायत?"

दुसरा प्रश्न, "किती वर्षं उभी हाय?" तिसरा, "कुठं उभी हाय, मातीवर का फरशीवर?" इंजिनाचं नाव कुणी काढलं नाही. मला नवल वाटलं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं. ते कुणीही करून देतं आणि त्याचं सामान अजून मिळतं. गाडी मरते ती पत्र्यानं किंवा कागदानं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात आबा आणि एक टिंकर मिस्त्री घरी आले. टिंकर म्हणजे पत्राकाम करणारा, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. आबांच्या खिशात स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक होतं, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेलं. चिंधी कशाला, तर रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. उजव्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीवर त्यांनी ते ठेवलं आणि हळूहळू मागं सरकवत नेलं. चिकटतंय, चिकटतंय, जरा ओढलं की सुटतंय, परत चिकटतंय. मागच्या दाराच्या अलीकडं वीतभर जागा अशी आली की चुंबक धरेचना, नुसतं घसरून त्यांच्या तळहातात पडलं. परत लावलं, परत पडलं. मिस्त्रीनं खिशातून खडू काढून तिथं गोल केला. वरून बघाल तर ती जागा सगळ्यात गुळगुळीत आणि चकचकीत होती.

"पुटी हाय," मिस्त्री म्हणाला. "आत पत्रा न्हाईच."

अर्ध्या तासात गाडीवर अकरा गोल झाले. फक्त चुंबक, चिंधी आणि खडू. आता नव्या सभासदाच्या घरी जाते तेव्हा माझ्याही पर्समध्ये चुंबक असतं.

गाडी घ्यायचीच असेल अजून, तर ही तपासणी घेण्याआधी करून घ्या. क्लबातला एक माणूस बरोबर न्या आणि त्याला बोलू द्या. आमच्यातल्या एकानं एकट्यानं जाऊन, रंग बघून 'डुक्कर' फियाट घेतली. पन्नासच्या दशकातल्या त्या गुबगुबीत फियाटला सगळे डुक्करच म्हणतात, प्रेमानंच. तिचा तळ घरी आल्यावर पायाखालून गेला. अक्षरशः. पाय फरशीवर टेकला.

मदत मागायची कशी

इथं बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं. ग्रुपवर मी पहिला संदेश टाकला होता: "माझी पद्मिनी चालू करायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे." कुणी उत्तर दिलं नाही. मला राग आला. आता वर्षभर दुसऱ्या बाजूला बसल्यावर कळतं, अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे पुस्तक लिहायचं.

प्रश्न लहान हवा आणि त्यात तुम्ही काय करून बघितलंत ते हवं. नमुना देते. इंजिन पहिल्यांदा बसवल्यावर ते पकडेना, उलट कार्बोरेटरमधून फटफट आवाज करत उसळायला लागलं. मी आबांना फोन केला: "पेट्रोल येतंय, चारी प्लगला ठिणगी आहे, पॉइंट साफ केलेत, पण कार्बोरेटरमधून फटाके येतायत."

"प्लगच्या वायरी कशा लावल्याव?"

"ओळीनं. एक, दोन, तीन, चार."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, एक-तीन-चार-दोन. वायरी बदलल्या आणि तिसऱ्या सेल्फला गाडी बोलली. फोन दोन मिनिटांचा. हेच 'गाडी चालू होत नाही' असं म्हटलं असतं तर त्यांना यावं लागलं असतं, आणि दर वेळी कोण येतं?

दुसरं, सल्ला घेतला की काय झालं ते परत कळवायचं. काम झालं तरी आणि फसलं तरी. सल्ला घेऊन गप्प बसणाऱ्याला तिसऱ्यांदा कुणी सांगत नाही. आणि पाच जणांना एकच प्रश्न वेगवेगळा विचारू नका. गाव लहान आहे, संध्याकाळी पाचही जण एकाच कट्ट्यावर बसतात.

जाम इंजिनाचंही इथंच सांगून टाकते, कारण नव्या माणसाचा पहिला उद्योग तोच असतो: नवी बॅटरी आणायची आणि सेल्फ मारायचा. मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल मिळून दोन-दोन चमचे सोडा आणि चार दिवस विसरा. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि दोघांनी हळूच पुढं-मागं झुलवा. माझं इंजिन तर खाली टायरवर ठेवलेलं होतं. तिथं आबांनी फ्लायव्हीलच्या दात्यात टॉमी अडकवली आणि नुसता भार दिला, झटका नाही. पहिल्या दिवशी काही नाही. परत तेल. तिसऱ्या दिवशी करकचून बोटभर फिरलं. गॅरेजमधे आठ महिन्यांत जे झालं नाही ते तीन संध्याकाळी, चहा पिता पिता झालं. नंतर उघडून रिंगा बदलाव्याच लागल्या, पण ब्लॉक वाचला.

आणि इंजिन फिरलं म्हणून नाचू नका. आधी ब्रेक. या गाडीला चारी चाकांना ड्रम आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, सिलिंडर आतून गंजतात आणि रबरं चिकटून बसतात. चारी व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडून, रबरं बदलून, पाइप बघून मगच गाडी शेडबाहेर काढायची. आमच्या क्लबात हा नियमच आहे, न पाळणाऱ्याच्या गाडीत कुणी बसत नाही.

पेट्रोलचंही तसंच. टाकीतलं जुनं पेट्रोल राळेसारखं झालेलं असतं, ते काढून टाकायचं. शिवाय आता पंपावर येतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळातली रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा कडक होतो आणि जुनी नळी भेगाळून टिपटिप गळायला लागते, तीही गरम इंजिनावर. इथेनॉलला टिकणारी नळी मिळते, ती एकत्र मागवतो. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा.

तो डबा

डब्याचं काय झालं? एका रविवारी क्लबातले सहा जण आमच्या परसात आले. सतरंजी टाकली, डबा पालथा केला. मी चिवडा आणि चहा करत राहिले आणि ही मोठी मोठी माणसं शेंगा निवडाव्यात तशी बोल्ट निवडत बसली. फियाटचे आटे मिलिमीटरचे, अम्बॅसॅडरचे इंचाचे, त्यामुळं अम्बॅसॅडरवाल्याला काही ओळखेना. तो चहाच पीत बसला आणि बाकीच्यांनी त्याला सोडलं नाही. चार तासांत तीनशेच्या वर तुकडे लागले. सतरा राहिले. त्यातले नऊ कशाचे होते ते आजही ठाऊक नाही.

तुम्ही असं करा: पोह्याच्या, शेवयांच्या पिशव्या असतात तसल्या झिपवाल्या पिशव्या आणा. एका भागाचे बोल्ट एका पिशवीत, आत कागदावर लिहून, कारण पिशवीवरची शाई तेलानं पुसते. खोलण्याआधी फोटो, खोलताना फोटो. शक्य असेल तिथं बोल्ट परत त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. यात हुशारीचं काही नाही, फक्त आधी कुणीतरी सांगावं लागतं.

सामान

पद्मिनीचं एक बरं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात हीच गाडी आधी फियाट अकराशे डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून निघाली. मूळ गाडी तीच. दुकानदार "पद्मिनीचं नाही" म्हणाला तर "डिलाइटचं बघा" म्हणायचं. पुष्कळदा फडताळाच्या वरच्या खणातून पिवळं पडलेलं खोकं निघतं.

मुंबईची काळी-पिवळी हीच गाडी असल्यामुळं वर्षानुवर्षं सामानाचा तोटा नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली आणि आता ते झरे आटत चाललेत. आम्ही वर्षातून दोनदा मुंबईला जातो. रात्रीच्या गाडीनं चौघं, सगळ्यांची यादी घेऊन, ऑपेरा हाउसच्या दुकानांत नव्या सामानासाठी आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्यासाठी. कुर्ल्यातच जन्मलेल्या गाड्यांचे अवयव कुर्ल्यातच ढिगात पडलेले बघून जरा कसंतरी होतं. पण मला तिथंच कार्बोरेटरचं झाकण मिळालं, साडेतीनशे रुपयांत.

जाताना जुना पार्ट हातात न्यायचा. फोटो नको, वर्णन नको, पार्ट. तुटलेला असला तरी. कोल्हापूरकरांना तर त्याचा दुप्पट उपयोग आहे, कारण बाजारात न मिळालेली वस्तू उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, बनवून मिळते. माझ्या पुढच्या चाकांचे किंगपिनचे (ज्या पिनीवर चाक डावी-उजवीकडं वळतं तिचे) बुश गेले होते, मिळालेला नवा सेट ढिला बसत होता. आबांनी उद्यमनगरातल्या एका टर्नरकडं नेलं, ज्यांचे वडील ऑइल इंजिनच्या कारखान्यात होते. त्यांनी पिन हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, व्हर्नियर लावलं, पिन फिरवून परत लावलं. "एका बाजूनं झिजलीया. बुश करून उपेग न्हाई, पिन पण घ्या." गनमेटलचा तुकडा लेथवर चढला, पिवळी धारदार चुरी उडायला लागली, आणि दर मापाला ते मशीन थांबवून बोटानं आतून पुसून पिन घालून बघत. शेवटी पिन आत गेली ती स्वतःच्या वजनानं, सावकाश, मध माखल्यासारखी. "अजून दोन थाऊ काढली असती तर गेलं होतं," म्हणाले (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि पैसे सांगितले चारशे. मी एकटी गेले असते तर पहिल्यांदा त्यांनी कामच घेतलं नसतं. एवढ्याशा कामासाठी लेथ लावायला ते क्लबामुळं तयार होतात.

रबराचंही एकत्रच. दाराची बीडिंग, काचेची पॅकिंगं बनवणारा एका गाडीपुरता माल काढत नाही. सहा जणांनी मिळून मागवलं की काढतो.

कागद, आणि मी क्लबाला काय देते

क्लबात काही महिने नुसतं घेत राहिले आणि मला लाज वाटायला लागली. पाना धरणं मला अजूनही बेताचंच येतं. पण तीस वर्षं बँकेत कागद वाचलेत. या शूर लोकांची कागदपत्रं बघितली आणि कपाळावर हात मारला. निम्म्या गाड्या स्वर्गवासी माणसांच्या नावावर.

मालक वारला तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. बहीण पुण्यात, भाऊ अमेरिकेत असला की हे किती लांबतं ते मला विचारा. मी स्वतः वर्षभर उशीर केला होता. आधी गाडी करू, मग कागद बघू, हे उलटं आहे. संमतीवरून भावंडांत वाजलं तर तुम्ही दुसऱ्याची गाडी स्वतःच्या पैशानं रंगवत असता.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून वाढवायची. मधे खंड पडला असेल तर दंड आणि पर्यावरण कर आधी हिशोबात धरा. जुना नंबर सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीवर चढलेलाच नसेल तर आधी त्याची बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. त्याशिवाय विमा नाही, पीयूसी नाही, काहीच सरकत नाही.

व्हिंटेज नोंदणीचं सगळे विचारतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ती मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती-पेट्रोलपुरतीच बाहेर काढायची. माझी १९७८ ची, म्हणजे २०२८ पर्यंत प्रश्नच नाही. आणि तेव्हाही मी घेणार नाही. मला जोतिबाला जायचं असतं, तेही कुणाला न विचारता.

तर आता क्लबाचे फॉर्म मी भरते आणि हिशोबाची वहीही माझ्याकडं आहे. वर्गणी वर्षाला पाचशे. बदल्यात माझ्या गाडीखाली कुणीही झोपायला तयार असतं. तुम्हाला पाना येत नसेल तर काय येतं ते पहिल्याच महिन्यात सांगून टाका. आमच्यात एकजण फक्त टेम्पो आणतो. एकीचं फक्त शिलाई मशीन आहे, चार गाड्यांची सीट कव्हरं तिनं शिवलीत.

भांडणं

असतात. क्लबात दोन पंथ आहेत. एक 'ओरिजिनल'वाले. त्यांना बॅटरी चार्ज करायला जुना डायनामोच हवा, त्याजागी नवा अल्टरनेटर बसवला की पाप. दुसरे चालवणारे, ज्यांना घाटात हेडलाइट नीट लागायला हवा. दोघांचंही ऐका आणि आपली गाडी कशासाठी आहे ते स्वतः ठरवा, पण पहिल्याच बैठकीत ठरवा. मी मधेच मत बदललं आणि वायरिंग दोनदा करावं लागलं. माझा निर्णय: दिसतं ते मूळचं, लागतं ते सोयीचं. डॅशबोर्ड जसा होता तसा, वायरिंग नवं, फ्यूज जास्तीचे. उंदरांनी जुनं वायरिंग खाल्लंच होतं, त्यामुळं त्यावर फार वादही झाला नाही.

रंगावर मात्र ओरिजिनलवाल्यांचं ऐकल्याचा आनंद आहे. गाडी माझ्या आठवणीत पांढरी. आबांनी डॅशबोर्डच्या खालून टॉर्च मारून आतला पत्रा दाखवला, जिथं पुढं कुठल्याच पेंटरचा हात पोचलेला नव्हता. तिथं फिका हिरवट रंग होता. आईला विचारलं, तर म्हणाली, "हो की. तुझ्या लग्नाच्या आधी पांढरी केली, वरातीला." आता ती परत हिरवट आहे.

खर्च विचाराल तर वही समोरच आहे. पत्राकाम आणि रंग १,३५,०००. इंजिन ५२,०००. सीट, रबरं, काचा ३८,०००. ब्रेक आणि सस्पेन्शन ३१,०००. वायरिंग १४,०००. एकूण २,७०,०००, आणि वर त्या गॅरेजवाल्याचे चाळीस हजार, जे मी वेगळ्या पानावर लिहून ठेवलेत. एवढ्यात चांगली वापरलेली मारुती येते, हे मला घरात चौघांनी सांगून झालंय.

दोन वर्षं आणि एक महिना लागला. गाडी चालते. फक्त ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराची, म्हणजे डावीकडची त्रिकोणी फिरती काच अजून मिळालेली नाही. आत्ता तिथं ॲक्रिलिक कापून लावलंय आणि ते साठच्या पुढं शिट्टी वाजवतं. काच फ्रेमसकट हवी, वरच्या पिनीला बुश असलेली. फ्रेम वाकलेली असली तरी चालेल, उद्यमनगरात सरळ करून घेईन. कुणाच्या माळ्यावर असली तर रविवारी सकाळी आठला कट्ट्यावर घेऊन या. मिसळ माझ्याकडून.